पंधरा मिनिटांचा उजेड

शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालायची असते, हे माझ्या डोक्यापेक्षा माझ्या पायांना जास्त पाठ आहे. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. आमच्या गल्लीतल्या महादेवाला मी पन्नास वर्षं असाच फिरतोय. त्यामुळं त्या रविवारी कोल्हापूरच्या पुढं, डोंगराच्या पोटात कोरलेल्या बौद्ध लेण्यात तो घुमटासारखा काळा स्तूप समोर आला, तेव्हा मी काही विचार करायच्या आत पायांनी कारभार हातात घेतला. स्तूपामागच्या अंधारात अर्ध्यापर्यंत गेलो, हात जोडले, आणि वळलो.

माझ्या मागं चौदा माणसं होती.

भिंत आणि स्तूप यांच्यामधली वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जावा, तोही पोट आत घेऊन. माझं पोट आत घेण्यासारखं राहिलेलं नाही. माझ्या पाठोपाठ आमच्या कारखान्यातला क्वालिटी सुपरवायझर होता. त्याच्या गळ्यात नवा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला मुसळाएवढी लेन्स. ती माझ्या बरगडीत घुसली. मी ओरडलो, "परत फिरा, परत फिरा!" मागच्यांना वाटलं, आत काहीतरी आहे. एकानं "साप!" म्हटलं. दुसऱ्यानं "आग्या मोहोळ!" म्हटलं. मोहोळ म्हटल्यावर मग काय, प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी बाहेर पडायला बघू लागला आणि त्यामुळं कुणीच बाहेर पडेना. एका वहिनींच्या पिशवीतला चिवडा सांडला. त्यावरून आणखी एक जण घसरला. तो गुंता सुटायला वीस मिनिटं गेली.

बाहेर दाराशी मेस्त्री उभे होते. ते एकदा आत बघत, एकदा घड्याळाकडं, एकदा सूर्याकडं. त्यांच्या शेजारी, माझ्या बायकोचा हात धरून, त्यांची आई उभी होती. सकाळी मोजून पंधरा मिनिटं ऊन त्या दारातून आत शिरतं आणि थेट स्तूपावर पडतं. ते आईला दाखवायचं म्हणून मेस्त्रींनी ही सगळी सहल काढली होती. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पण आधी मेस्त्री सांगायला हवेत.

उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या फाउंड्रीत मी डिस्पॅचला होतो, तिथं ते पॅटर्न बनवायचे. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा, वाळूत दाबून त्याचा साचा करायचा, मग त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्नवाल्याची फूटपट्टी वेगळी असते. लोखंड गार होताना आक्रसतं, म्हणून त्या पट्टीवरचा इंच आपल्या इंचापेक्षा केसभर मोठा. मेस्त्रींनी ही पट्टी सगळ्या जगाला लावून टाकली होती. "थोडं जादा धरायचं," ते म्हणायचे. "गार झाल्यावर समदंच आवळतंय." त्यांचं घड्याळ वीस मिनिटं पुढं असे. जेवायला चार माणसं येणार म्हटलं की ते सहाजणांचं सांगत. आमच्या घराचं मागचं दार पावसाळ्यात अडकायचं, म्हणून मी एकदा त्यांना नवीन दार करायला सांगितलं. त्यांनी चौकटीचं माप साध्या टेपनं घेतलं आणि लाकूड मात्र त्या पट्टीनं कापलं. दार चौकटीत बसेना. "लाकूड ओलं हाय," मेस्त्री म्हणाले, "वाळलं की बरोबर बसतंय बगा." बसलं. तेव्हापासून आमचं मागचं दार फक्त मार्च ते मे लागतं. उरलेलं वर्षभर त्याला वरवंटा लावून ठेवतो.

ते कधी एका जागी टिकत नसत. आमच्याकडं आले की बायको खुर्ची पुढं करायची. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे, आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला स्वयंपाकघराच्या दारात, तिसऱ्याला अंगणात. कप शेवटी कुठल्या तरी कुंडीत सापडायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून उरलेली पंचवीस मिनिटं ते कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारत. मी एकदा विचारलं, "मेस्त्री, चालला कुठं?" म्हणाले, "कुठं न्हाय. लाकूड चिकटवलंय. वाळंपातूर काय करू?"

ते मूळचे निपाणीचे. आईनं चाळीस वर्षं बिड्या वळल्या, त्यावरच त्यांना आयटीआय शिकवलं. घर बौद्ध. लेणी आपल्या लोकांची आहेत, एवढं ऐकून इतर जण हात जोडून परत येतात. मेस्त्रींचं तेवढ्यानं भागेना. ती कुणी खोदली, कशानं खोदली, आधी कुठून सुरुवात केली, हे त्यांना पाहिजे होतं. बारा वर्षं, थंडीच्या दिवसांत महिन्यातून एक रविवार, ते टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं न्यायचे. नुसत्या लेण्यांना कुणी येत नाही हे कळल्यावर त्यांनी त्याला चांदोलीचं अभयारण्य जोडलं. "गवा दाखवतो म्हटलं की मानसं येत्यात," ते मला खासगीत म्हणाले, "मग मधी लेनी दावता येत्यात." त्यांच्या व्हॉट्सॲपवरच्या सूचना ठरलेल्या असत. पहाटे पावणेपाच म्हणजे पावणेपाच. फोटो नंतर, आधी हात लावून बघणे. गवा दिसेलच असे नाही, लेणी दिसतील. माझ्या माहितीत त्यांच्या सहलीत गवा कुणालाही दिसला नाही, कारण लेण्यांतून वेळेवर निघणं कधी झालंच नाही.

लेण्यात शिरल्यावर ते बुद्धाच्या गोष्टी सांगत बसत नसत. खांबावर थाप मारून म्हणायचे, "आपलं काम पोकळ साच्यात लोखंड भरायचं. ह्येंनी उलटं केलंय. भरीव डोंगरातनं पोकळी काढलीया. आपला कास्टिंग बिघडला तर परत भट्टीत टाकतोय. ह्येंचा बिघडला तर काय करनार? डोंगर वितळवनार?" मग एका खांबाच्या कोपऱ्यात, जिथं छिन्नी जरा जास्त आत गेली होती, तिथं बोट ठेवायचे. "ह्यो बगा. ह्यो माझा मानूस. ह्येनं नक्की शिव्या खाल्ल्यात."

बारा वर्षांत शेकडो माणसांना तिथं नेलेल्या या माणसाची स्वतःची आई मात्र तिथं गेली नव्हती. दर वेळी मेस्त्री विचारायचे आणि दर वेळी ती म्हणायची, "उद्या न्हाय रं, पानं भिजवल्यात." तेंदूची पानं भिजवली की दुसऱ्या दिवशी ती वळावीच लागतात, नाहीतर वाया जातात. आणि पानं रोजच भिजवलेली असत. शेवटी डोळे अधू झाले तशी मुकादमानं पानं देणं बंद केलं. तेव्हा ती म्हणाली, "चल आता. मोकळी झाले."

त्या दिवशी तिला निपाणीत हायवेवर घेतलं. आम्ही सगळे तिला आक्का म्हणू लागलो. छोटीशी, ताठ, पांढऱ्या पातळातली. ती माझ्या बायकोशेजारी खिडकीत बसली. मेस्त्री बसले नाहीतच. ड्रायव्हरच्या मागं दांड्याला धरून उभे, आणि दर दोन मिनिटांनी, "जरा दाबा की राव." कोल्हापूरच्या अलीकडं मिसळीला थांबलो. मी दुसरी प्लेट मागवली. मेस्त्री माझ्या मागं येऊन उभे राहिले. नुसतं मागं उभं राहून त्यांनी माझी मिसळ इतकी तिखट केली की अर्धी टाकून उठलो. गाडीत आक्कांनी बायकोला विचारलं, "उजाडलं का गं?" तेव्हा चांगलं फटफटलं होतं. खिडकीला काळी फिल्म होती, म्हणून मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मेस्त्रींची योजना अशी होती. आधी आम्ही सगळ्यांनी भराभर एक फेरी मारून बाहेर पडायचं. गर्दीत आईला नीट दिसत नाही. मग माझ्या बायकोचा हात धरून तिनं निवांत आत जायचं, आणि तोवर ऊन स्तूपाच्या माथ्यावरून खाली उतरून अंगभर आलेलं असेल. त्यासाठी त्यांनी आमच्या फेरीला पाच मिनिटं दिली होती आणि वर जादा पाच धरली होती.

मी त्यांना दहा मिनिटांनी पुरून उरलो.

सगळे बाहेर पडून चिवडा झटकत असताना मेस्त्री आईला घेऊन आत धावले. मीही अपराध्यासारखा मागोमाग गेलो. ऊन स्तूपावरून उतरलं होतं. फरशीवर त्याचा एक चौकोन पडला होता आणि बघता बघता तो उंबऱ्याकडं सरकत होता, जणू त्यालाही पुढं कुठं जायचं होतं. स्तूप आपला पुन्हा काळा. मेस्त्रींनी घड्याळ पाहिलं, मनात वीस मिनिटं वजा केली, पुन्हा पाहिलं.

मी म्हटलं, "मेस्त्री, माझं चुकलं हो. पाय आपोआप वळले."

"तुमचं काय न्हाय साहेब," ते म्हणाले. "मीच आनि जरा जादा धराय पायजे हुतं."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी नंतर जेवलो तरी असतो.

"आसू दे रं," आक्का म्हणाल्या. "उजेड काय, घरी बी हाय."

"घरचा न्हवं आई, ह्यो!" आणि ते तरातरा बाहेर आले. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं, "तुमी समदे चांदोलीला जावा. मी आनि आई हितंच ऱ्हातो. उद्या सकाळी परत पडतोय उजेड."

सुपरवायझर हबकला. "मेस्त्री, परवानगीचा कागद तुमच्या नावावर आहे! तुमच्याशिवाय गेटवर आत कोण सोडणार?"

"मग उद्या जावा की. गवा काय पळून जातोय?"

"अहो, पळून जातो म्हणूनच तर ही लेन्स घेतली!"

"डोळ्याचा डॉक्टर म्हनलाय, दिवाळीपातूर धरा," मेस्त्री म्हणाले. ते सुपरवायझरशी बोलत होते, पण बघत दुसरीकडंच होते. "दिवाळी होऊन महिना झाला. तुमचा गवा पुढच्या वर्साला बी हाय. माझ्याकडं पुढचं वर्स न्हाय."

सुपरवायझर लेन्सचं झाकण लावत राहिला, काढत राहिला. मी मध्ये पडून "बघू, काहीतरी मार्ग काढू" असं काहीतरी म्हणालो. अशा वेळी मी नेहमी हेच म्हणतो आणि मार्ग कधी काढत नाही.

एवढ्यात शेजारच्या विहारातून हाक आली. विहार म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. मधे चौक आणि भोवती कोरलेल्या लहान लहान खोल्या, आत मिट्ट काळोख. आम्ही मोबाईलचे दिवे लावूनही उंबऱ्यांना ठेचकाळत होतो. आक्का मात्र सावलीसाठी म्हणून भिंतीवर हात ठेवून सरळ आत गेल्या होत्या. माझी बायको त्यांच्या मागं.

"आरं, ये हिकडं! हितं दोघं हुती!"

मेस्त्री धावले. मीही. "कोन दोघं? कुठं?"

"खननारी. हात आन तुजा." त्यांनी मेस्त्रींचा पंजा धरून भिंतीवर ठेवला आणि छिन्नीच्या खुणांवरून हळूहळू फिरवला. "ह्या कोपऱ्यापातूर बग, समद्या रेघा अशा पडल्यात्या. आनि हितनं फुडं? उलट्या. ह्यो फुडचा डावरा हुता."

मेस्त्रींनी टॉर्च आडवा धरला. खरंच, भिंतीच्या मध्यापर्यंत खुणा एका अंगाला कललेल्या आणि तिथून पुढं दुसऱ्या. त्यांनी हवेत छिन्नी धरली, हवेतला हातोडा मारून पाहिला. उजव्या हातानं, मग डाव्या. मग तोंड फिरवून पाहिलं, उजवाच माणूस उलटा उभा असेल तर असं होईल का म्हणून. नाही झालं.

"व्हय की गं आई," ते म्हणाले. "बारा वर्सं हितं मानसं आनतोय. मला न्हाय दिसलं."

"त्येला दिसाय कशाला पायजे? आमच्यात एक डावरी बाई हुती. तिची बिडी टोपलीत हात घातला की कळायची. पीळच उलटा. मुकादम वरडायचा तिला. बिडी वडनाऱ्याला काय कळतंय?"

मेस्त्री दोन क्षण एका जागी उभे राहिले. पुरते दोनच. मग त्यांना असं काही सुटलं की विचारू नका. आईचा हात धरून ते खोली क्रमांक दोनमध्ये. "हितं? ह्यो त्योच का?"

"न्हाय. ह्यो दुसरा. ह्येला घाई हुती."

"आनि हितं?"

"ह्यो आळशी हाय. खोल जाईतच न्हाय."

"आनि ह्यो, आई? ह्यो कोपरा?"

"आरं, दम तरी खाऊ दे मला! ती मेली कवाच, पळून जात्यात व्हय?"

पण मेस्त्री ऐकत होते थोडंच! या खोलीतून त्या खोलीत, कानाकोपऱ्यात, ओट्याच्या कडेला, सगळीकडं आईचा हात आणि मागोमाग त्यांचा. खिशातल्या कागदावर पेन्सिलीनं खुणा. आणि त्यांच्या मागं आम्ही सगळे, एकमेकांच्या टाचा तुडवत, भिंतींवर हात फिरवत. डावऱ्याचा पुन्हा पत्ता लागला तो पाचव्या खोलीत, आणि तो शोधला आमच्या सुपरवायझरनं. तो क्वालिटीतला माणूस. कास्टिंगवर बोट फिरवून चूक शोधण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. "आक्का, बघा, हा तोच ना?" आक्कांनी हात लावला आणि म्हणाल्या, "शाणा हाईस." माझ्या माहितीत कंपनीनं त्याचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा दीड वाजून गेला होता. रात्री तिथंच राहायचं मेस्त्री विसरूनच गेले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तशी आक्कांनीच तिकडं बोट केलं, "ह्या लोकांस्नी गवा दाव जा." मग पुन्हा तेच. दांड्याला धरून उभे राहणं, "दाबा की राव," घाट, वळणं, दोघांना उलट्या. चांदोलीच्या गेटवर पोचलो तर गेट बंद. रखवालदार म्हणाला, आत सोडायची वेळ टळली, आता उद्या. मेस्त्रींनी त्याला घड्याळ दाखवलं. त्यांच्या घड्याळात तर आणखीच उशीर झाला होता.

मग मेस्त्री गेटबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर चढले. आम्हाला खाली गोळा केलं आणि बंद गेटाकडं हात करून अभयारण्य दाखवायला लागले. "हितनं आत गेलं की उजव्या अंगाला पानवठा. सकाळी गवं येत्यात. पाय गुडघ्यापातूर पांढरं, मोजं घातल्यागत. फुडं सडा लागतोय, उघडा खडक, त्येच्यावर गवत. अस्वलाच्या नखांचं वरखडं झाडावर. हात लावून बगा म्हनलं असतं, पर..." वीस मिनिटं ते बोलत होते. एकदा तर "हळू, आवाज करू नका" म्हणाले आणि आम्ही सगळे खरोखर गप्प बसलो. रखवालदारही ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मी हितं आट वर्सं हाय, मला न्हाय एवढं म्हाईत." सुपरवायझरनं त्या बंद गेटाचा लेन्स लावून फोटो काढला. तो त्याच्या घरात अजून आहे.

पुढं फाउंड्रीत लाकडी पॅटर्न गेले, मशीनवर कापलेले आले. मेस्त्रींना निरोप दिला तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून हार घालायचा होता. हार घेऊन साहेबच त्यांच्या मागं फिरले. सहली मात्र चालू राहिल्या, आणि त्या आता स्तूपापासून नाही, तर डावऱ्याच्या खोलीपासून सुरू व्हायला लागल्या. तिथं भिंतीवर हात ठेवून ते नव्या लोकांना सांगत, "ह्यो मी न्हाय हुडकला. माझ्या आईनं हुडकलाय."

गेल्या पावसाळ्यात आक्का गेल्या. आम्ही दोघं निपाणीला भेटायला गेलो. घरात माणसं होती. मेस्त्री दारात, अंगणात, रस्त्यावर, पुन्हा दारात. मला बघून जवळ आले आणि म्हणाले, "साहेब, एक बरं झालं. नजर हाय तवर तिनं लेनी बगितली. न्हायतर जल्मभर मनाला लागलं असतं." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण तोवर खांदा तिथून गेला होता.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. बायकोला म्हटलं, "लेणी बघितली म्हणे. त्यातली जी बघायची होती ती माझ्यामुळं राहिलीच की. मी त्या दिवशी नीट पुढं गेलो असतो, तर तेवढा उजेड तरी दिसला असता त्यांना."

बायकोनं खिडकीची काच ओढून घेतली. संकेश्वर मागं पडलं.

"त्यांना तेव्हाच दिसत नव्हतं हो," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांनी. पोराला कळू दिलं नव्हतं. तुम्ही आत गेला होता तेव्हा दाराशी माझा हात घट्ट धरून माझ्या कानात म्हणाल्या, 'पोरी, आत उजेडात नेऊन हुबं केलं की मला हळूच चिमटा काढ. मग मी दिसलं म्हनते.'"